परसातली पाखरं आणि जुना कॅमेरा : पाच महिन्यांच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला कॅमेऱ्याला झेंडू वाहिला, आज त्याला कामाला लावलं. कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). ओळखीतून सेकंडहँड घेतला, २४,००० रुपयांना. आता लेन्सवर आणखी खर्च करायचा नाही, आहे त्यात परसातल्या पाखरांचे फोटो सुधारायचे, एवढंच ठरवलंय. माझ्यासारखंच कुणी साध्या कॅमेऱ्यावर धडपडत असेल तर उपयोग होईल म्हणून चुकांसकट लिहून ठेवतेय.

घर कोल्हापूरच्या कडेला. परस पूर्वेला, साधारण २५ बाय ४० फूट. शेवगा, पेरू, दोन पपया, कर्दळ, जास्वंद, आणि पूर्वेच्या भिंतीवर सुटलेली मधुमालती. दक्षिणेच्या कोपऱ्यात धुण्याचा दगड. उत्तरेला तारेचं कुंपण आणि पलीकडे झुडपं माजलेला मोकळा प्लॉट. माझ्या हातात वेळ सकाळी पावणेसात ते साडेआठ, नंतर डबा आणि ऑफिस. रविवार त्यातल्या त्यात मोकळा.

आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून ४१२ फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर पाहिले तर ठेवण्यासारखे तीन, आणि त्यातल्या एकात साळुंकी वाळत घातलेल्या टॉवेलवर बसलीय. बाकीच्यांत बुलबुल म्हणजे काळा ठिपका, शिंजीर (फुलातला मध पिणारं इवलं पाखरू) म्हणजे ठिपकाही नाही, आणि सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखा धूसरपणा.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

धूसरपणाचं कारण सापडलं, आणि ते लेन्समध्ये नव्हतं. खिडकीला डासांची जाळी आहे. डोळ्याला ती दिसेनाशी होते म्हणून मी लेन्सचं तोंड तिला टेकवून फोटो काढत होते. वाटलं, जाळी पुसली जाईल. काड्या पुसल्या जातात खऱ्या, पण फोटोतला करकरीतपणाही त्यांच्याबरोबर जातो. जाळी सरकवून तीच फांदी पुन्हा टिपली, दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि स्वतःवरच चिडले. काच बंद ठेवूनही करून पाहिलं. समोरून सरळ धरलं तर चालतं, जरा तिरकं धरलं की पानांना दुहेरी कडा येतात. खिडकी उघडी ठेवायची, दुसरा इलाज नाही. डास येतात. येऊ देत.

मग टेपने अंतर मोजलं. खिडकीपासून शेवग्याची पाखरं बसतात ती फांदी ८ मीटर. या कॅमेऱ्यावर २५० मिमीला ८ मीटरवर फ्रेममध्ये सुमारे ७१ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो. शिंजीर १० सेंटिमीटर, म्हणजे फ्रेमचा सातवा हिस्सा. साडेतीन मीटरवर तोच तुकडा ३१ सेंटिमीटरचा होतो आणि शिंजीर फ्रेमचा तिसरा हिस्सा भरतो. माझ्या हातात ४०० मिमीची लेन्स नाही, पण पाखराला साडेचार मीटर पुढे बोलावता आलं तर तिची गरजही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

बोलावायचं कसं? पहिला प्रयोग बिस्किटं आणि शिळ्या पोळीचा. तीन दिवसांत कावळे, साळुंक्या, खारी आणि रात्री उंदीर. बुलबुल लांबून बघून परत गेला. बंद केलं.

दुसरा प्रयोग पाण्याचा. कुंभारवाड्यातून मातीची मोठी परळ आणली, १५० रुपये. तळाला दोन चपटे दगड टाकले आणि पाणी जेमतेम दोन बोटं ठेवलं, कारण लहान पाखरू खोल पाण्यात उतरत नाही. आतून गुळगुळीत प्लास्टिकची ताटली आधी ठेवून पाहिली होती, तिच्यावर पाय घसरतो म्हणून चिमण्या कडेवरूनच परत जायच्या. परळ खरबरीत, तिच्यात उतरतात. पाणी रोज ओतून घासून पुन्हा भरायचं, नाहीतर डेंगीचे डास आपल्याच परळीत पाळल्यासारखं होईल.

परळ मधुमालतीच्या बुडाशी जमिनीवर ठेवली. सावली आहे, आडोसा आहे, पाखरांना बरं वाटेल असा विचार केला. ही या पाच महिन्यांतली सगळ्यात वाईट चूक. पुढे येईल.

२७ ऑक्टोबर, रविवार

परळीवर पाखरं येतायत. सातभाईंचं टोळकं, बुलबुलाची जोडी, एक दयाळ. फोटो मात्र हललेले. डोकं हललेलं, शेपटी हललेली, कधी अख्खं पाखरू हललेलं.

इतके दिवस मी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ४००च्या वर जायला घाबरत होते. दाणे येतात असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. सावलीत आयएसओ ४०० म्हणजे शटर १/६० किंवा १/८० सेकंद, आणि बुलबुल एका सेकंदात मान तीनदा वळवतो. आज शटर १/५००वर पक्कं केलं आणि आयएसओ १६००, गरज पडली तर ३२००. दाणे आले. पण डोळ्यातली चमकही आली. दाणे नंतर थोडे कमी करता येतात, हललेलं डोकं कुठल्याच सॉफ्टवेअरला सरळ करता येत नाही. आंघोळीचे शिंतोडे गोठवायचे तर १/१६०० लागतं, ते सावलीत या लेन्सला झेपत नाही.

फ्लॅशही एकदा उघडून पाहिला. दयाळ उडाला आणि दिवसभर फिरकला नाही. आधी जे थोडे फोटो मिळाले त्यांत डोळ्याच्या जागी पांढरा मणी. फ्लॅश हा विषय संपला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत काहीच झालं नाही. फटाक्यांनी लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवस परसात कावळ्याशिवाय कुणी नव्हतं. भाऊबीजेला नणंदेची मुलं आली, त्यांनी परळीत होड्या सोडल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी परळीभोवती पिसं. करडी, आणि त्यांत शेपटीखालची ती लाल. पाणी अर्धं सांडलेलं.

शेजारच्या काकूंचा बोका मधुमालतीच्या बुडाशी दबा धरून बसत असणार. मी त्याला आयती जागा करून दिली होती: दाट आडोसा, त्याला लागून पाणी, आणि भिजल्यामुळे जड झालेलं पाखरू. पाखराला आडोसा हवा असतो, पण हाताशी नको. बोका एका उडीत पोचणार नाही इतका लांब, आणि पाखरू एका भरारीत पोचेल इतका जवळ. हे मला आधी कळायला हवं होतं. काकूंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "अगं, त्याला काय सांगायचं? मांजरच ते." खरंच आहे.

परळ लगेच उचलली. फॅब्रिकेशनवाल्याकडून चार फुटी लोखंडी स्टँड करून घेतला, वर कडं आणि त्यात परळ बसते. ३५० रुपये. पायाशी पत्र्याची घसरती पट्टी उलट्या सुपासारखी बसवून घेतली. परस पाहून स्टँडची जागा ठरवेपर्यंत परळ गच्चीवर.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन आले आणि उरलेला दिवस ऊन मोजण्यात घातला. वहीत परसाचा नकाशा काढला आणि दर तासाला ऊन कुठं आहे ते रंगवलं. हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

खिडकी पूर्वेला तोंड करून आहे. म्हणजे माझ्या सकाळच्या पावणेदोन तासांत सूर्य रोज लेन्सच्या तोंडावर. पहिल्या दिवशीचे सगळे काळे ठिपके त्याच कारणाने. उलट पूर्वेच्या भिंतीशी बसले तर ऊन पाठीशी येतं, पण समोर घराची भिंत, सांडपाण्याचा पाइप आणि निळी टाकी. दोन-चार फोटो काढून पाहिले. प्रत्येक पाखराच्या मागे पाइप.

राहिला दक्षिणेचा कोपरा, धुण्याचा दगड. तिथून उत्तरेकडे तोंड केलं की हिवाळ्यातला आग्नेयेचा सूर्य उजव्या खांद्यामागून येतो, आणि समोर तारेच्या कुंपणापलीकडची हिरवी झुडपं. मधे दहा-अकरा मीटर मोकळं. स्टँड दगडापासून साडेतीन मीटरवर रोवला, मधुमालतीपासून चांगला अडीच मीटर लांब. तारेचं कुंपण फोटोत दिसेल अशी भीती होती. ते इतकं मागे पडतं की दिसतच नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

लपायची सोय केली. हिरवी शेडनेट २७० रुपये, चार बांबू २४० रुपये. धुण्याच्या दगडाशी खोपटं उभं केलं, समोर लेन्सपुरतं भोक. आत प्लास्टिकचं स्टूल. कॅमेरा टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली आणि तिच्यात बांधकामाची उरलेली वाळू भरली.

दीड तास बसले. पाय मुंग्यांनी भरले, कान डासांनी. वाऱ्यानं शेडनेट फडफडली की परळीवरचं सगळं उडायचं. कपड्यांचे चिमटे लावले, खाली विटा ठेवल्या. फडफड थांबली, पाखरं तरीही बिचकतात. एक चष्मेवाल्यांचा (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेली पोपटी पाखरं) थवा आला, शेवग्यावर बसून पाच मिनिटं खोपट्याकडेच बघत राहिला आणि गेला.

४ डिसेंबर, बुधवार

फेंगल वादळाचे ढग. दोन दिवस सूर्य नाही, रिपरिप पाऊस. ऊन नाही म्हणून कॅमेरा ठेवूनच देणार होते, पण दयाळ समोरच येऊन बसला. आत्तापर्यंत दयाळाचा एकही धड फोटो नव्हता. काळं मोजलं तर पांढरं जळतं, पांढरं सांभाळलं तर काळ्याचा डांबराचा गोळा होतो. आज ढगाळ उजेडात पहिल्यांदा काळ्यातली निळी झाक आणि पंखाची पांढरी पट्टी दोन्ही एकाच फोटोत. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश, म्हणजे फोटो मुद्दाम जरा काळसर, ठेवलं होतं.

म्हणजे काळ्या-पांढऱ्या पाखरांसाठी ढग, किंवा उन्हात पहिली पंचवीस मिनिटं. नऊच्या उन्हात दयाळाच्या वाटेला जाऊ नये.

८ डिसेंबर, रविवार

झूम फिरवताना कर्र आवाज. जीन्सच्या शिवणीतून वाळूची पूड झिरपत होती आणि मी दोन आठवडे लेन्स त्याच्यावर रगडत होते. कडं अर्ध्यात अडकायला लागलं. दुरुस्तीला दिली. साफ करायचे १,२०० रुपये, आणि आठवडाभर लेन्स नाही. वाळूची पिशवी लेन्सखाली कधीही ठेवू नये, कितीही घट्ट शिवली तरी.

पिशवीत काय भरायचं यावर घरात चर्चा. तांदळात सोंडे होतात, हरभऱ्याला उंदीर लागतात. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून चिंचोक्यांचं गाठोडं काढून दिलं. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून भरले. जड, गुळगुळीत, लेन्सच्या आकाराला बरोबर बसतात आणि धूळ नाही. फुकट.

१५ डिसेंबर, रविवार

लेन्स परत आली. आजची नोंद जरा लांब, कारण आज सगळं काम उलटंपालटं झालं.

मी खोपट्यात. पाऊण तास एक पाखरू नाही. तेवढ्यात सासूबाई नेहमीप्रमाणे तांदूळ निवडायला बाहेर आल्या, खोपट्यापासून चार हातांवर, उघड्यावर, पाटावर बसल्या. दहा मिनिटांत बुलबुल परळीवर. मग सातभाई. मग त्यांच्या पाटापासून वीतभर अंतरावर दयाळ, निवडलेल्या तांदळातले किडे उचलायला. मी शेडनेटच्या भोकातून बघतेय आणि लेन्स वळवली की खोपटं हलतंय आणि सगळे उडतायत.

मी बाहेर आले तशा त्या म्हणाल्या, "लपतीस कशाला गं? मी रोज हितंच बसतो. मला कुठलं पाखरू भितंय?" मी म्हटलं, "आई, तुमची त्यांना सवय आहे." तर म्हणतात, "मग तुझीबी होऊ दे की सवय. दबा धरून बसतंय ते मांजार. पाखरांना काय कळत न्हाई व्हय?"

खोपटं मोडलं. ५१० रुपये आणि तीन आठवडे गेले. शेडनेट आता कोथिंबिरीच्या वाफ्यावर आहे. मी आईंच्या शेजारी स्टूल ठेवलं, रोज त्याच जागी, त्याच करड्या शालीत, पावणेसातला. पहिले चार दिवस कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बसायचं, डोळ्याला लावायचाच नाही, असं ठरवलं. ऑफिसला जाण्याआधी असं नुसतं बसणं किती अवघड जातं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

पाचवा दिवस. कॅमेरा उचलला. बुलबुलानं एकदा मान तिरकी केली आणि पुन्हा पाण्यात घातली. शटरच्या आवाजाला मात्र दचकतात. पहिला फोटो, मग थोडं थांबायचं, मग दोन-तीन. लागोपाठ धडाधड काढले की आंघोळ अर्धवट टाकून जातात.

२९ डिसेंबर, रविवार

पाखरं जवळ, ऊन बरोबर, शटर बरोबर. तरी प्रत्येक फोटोत परळीची कड आणि लोखंडी कडं. आंघोळीचा फोटो म्हणून ठीक आहे, पण सगळे फोटो न्हाणीघरातले वाटतात.

निरीक्षण असं की पाखरू सरळ पाण्यात उतरत नाही. आधी जवळच्या उंच जागी बसून चहूकडे बघून घेतं. आत्तापर्यंत त्यासाठी ते आमची कपड्यांची दोरी वापरत होतं. दोरी दोन हात सरकवली आणि परळीशेजारी पेरूची छाटलेली फांदी उभी केली. विटांनी भरलेल्या रंगाच्या डब्यात खोचली, दिसणार नाही अशी. सकाळी सात-पाचला पहिला बुलबुल थेट तिच्यावर.

फांदी कशी असावी यात आठवडा घातला. आधी सरळ बांबूची काठी लावली होती, पाखरू बसतं पण फोटोत ते काठीवर टोचल्यासारखं दिसतं. शेवग्याची वाळकी फांदी मोडते. पेरूची बरी: साल उतरते, रंग छान, करंगळीएवढी जाडी, पाखराची बोटं पुरी वळतात. फांदी माझ्याकडे किंवा माझ्यापासून लांब जाणारी नको, आडवी हवी. कारण साडेतीन मीटरवर एफ/८ला (लेन्सचं छिद्र जरा बारीक करून) सगळं मिळून सहा सेंटिमीटर काय ते स्पष्ट येतं. फांदी तिरकी असली की पाखरू दोन पावलं सरकलं तरी फोकसच्या बाहेर. पूर्ण उघड्या छिद्रापेक्षा एफ/८ला ही लेन्स बरीच करकरीत आहे, म्हणून उजेड असेल तर तिथंच राहते.

आणि पार्श्वभूमी. पहिल्या खेपेला फांदी कर्दळीपुढे हातभर अंतरावर लावली होती, हिरवं येईल म्हणून. कर्दळीच्या पानांच्या शिरा पाखराच्या डोक्यातून उगवल्यासारख्या आल्या. फांदी दोन मीटर अलीकडे घेतली आणि मी स्टूल अर्धा हात डावीकडे सरकवलं. मागची झुडपं विरघळून नुसता हिरवा रंग राहिला. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच बुलबुल. नवऱ्याला दोन्ही फोटो दाखवले तर म्हणाला, "हा दुसरा कुणाच्या कॅमेऱ्यातला?"

५ जानेवारी २०२५, रविवार

लिहायला जड जातंय.

सात-चाळीसला स्वर्गीय नर्तक आला. पांढरा नर, रिबिनीसारखी लांब शेपूट. पेरूच्या फांदीवर बसला, शेपूट खाली लोंबतेय, मागे हिरवा रंग. त्यानं एकदा पाण्यावर सूर मारला, परत फांदीवर. मी तीसेक फोटो काढले. हात थरथरत होते, पण शटर १/१०००, फोकस डोळ्यावर, सगळं बरोबर.

कार्ड लॅपटॉपमध्ये होतं.

या कॅमेऱ्यात कार्ड नसतानाही शटर पडतं, कारखान्यातून तशीच सेटिंग येते. मागच्या पडद्यावर सूचना येते, पण मी डोळा काढलाच नव्हता. मेनूत ‘कार्डाविना शटर’ ही ओळ शोधून बंद केली. आता कार्ड नसेल तर कॅमेरा हटून बसतो. ज्यांच्याकडे हा कॅमेरा आहे त्यांनी हे वाचता वाचता उठून तपासावं. आईंनी तो पाहिला, मी पाहिला. पुरावा नाही.

१९ जानेवारी, रविवार

नर्तक पुन्हा आला नाही. दोन आठवडे कॅमेरा शिकण्यात घातले.

फोकसचे नऊच्या नऊ बिंदू चालू होते. कॅमेरा सगळ्यात जवळचं जे असेल ते पकडतो, म्हणजे पाखराऐवजी पुढचं पान. आता फक्त मधला बिंदू, तो डोळ्यावर, आणि मग फ्रेम थोडी सरकवायची. फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या ताऱ्याच्या बटणावर नेला. पहिले तीन दिवस बोटं गोंधळली. एकदा अंगठा न दाबताच बारा फोटो काढले, बाराही धूसर. चौथ्या दिवसापासून सवय झाली. फायदा असा की फांदीवर एकदा फोकस धरला की पाखरू बसल्यावर कॅमेरा पुन्हा पुढेमागे शोधत बसत नाही.

हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो. उडणाऱ्या पाखराचा नाद सोडला. बसलेल्या पाखराचा उडण्याआधीचा क्षण मात्र ओळखता येतो: बुलबुल आधी किंचित बसका होतो आणि शिटतो. शिटला की शटर दाबायचं अशी माझी पद्धत होती. आता शिटण्याला न थांबता वाकण्यालाच दाबते.

२ फेब्रुवारी, रविवार

लॅपटॉपवरचं काम. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढते, कॅननचंच फुकट सॉफ्टवेअर वापरते. जानेवारीतले फोटो महिन्याभरानंतर उघडले आणि लाज वाटली. चष्मेवाले पोपटी रंगाच्या प्लास्टिकचे दिसतात, पिसांच्या कडांना पांढऱ्या रेघा. मी रंग आणि धार दोन्ही हौसेनं शेवटपर्यंत ओढले होते. सगळं पुसून पुन्हा केलं. आता नियम असा की जेवढं बरं वाटतं त्याच्या निम्मं करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचं.

खर्च मोजला. परळ १५०, स्टँड ३५०, शेडनेट-बांबू ५१०, लेन्सची सफाई १,२००. एकूण २,२१०. त्यातले १,७१० माझ्या चुकांचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे (जगभर पाखरं मोजायच्या उपक्रमाचे) दिवस, १४ ते १७. तिन्ही सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं बसून यादी केली, ईबर्डवर (पाखरांच्या नोंदींच्या वेबसाइटवर) टाकली. आज आई मोजणीला. त्यांच्या मोजणीत भारद्वाज हा कुंभारकावळा आहे आणि तो दिसला की दिवस चांगला जातो. मी यादीत भारद्वाज लिहिला.

आज जांभळ्या शिंजिराचा फोटो मिळाला. गोष्ट नोव्हेंबरपासूनची आहे. तेव्हा नर पिवळट पोटाचा, मधून काळी रेघ, असा उतरलेल्या वेशात होता. आता पुरा निळा-जांभळा झालाय, पण ती चमक फक्त ऊन ठरावीक कोनातून पडलं तरच, नाहीतर तो कोळशाचा तुकडा. आणि शिंजीर परळीवर येतच नाही. महिनाभर वाट पाहिली. मग एकदा झाडांना पाणी घालताना दिसलं की तो कर्दळीच्या ओल्या पानावर लोळतो, पानावरच्या थेंबांनी अंग भिजवतो.

तेव्हापासून रोज सात-वीसला कर्दळीच्या त्याच एका पानावर तांब्यानं पाणी शिंपडतेय. मागची दोन पानं कापली, म्हणजे पार्श्वभूमी मोकळी. स्टूल पूर्वेकडे सरकवून ऊन त्याच्या छातीवर येईल असं केलं. शटर १/१२५०, एफ/६.३, आयएसओ ८००, एक्स्पोजर उणे एक. अठ्ठावीस फोटोंत पंचवीस काळे. तिघांत गळ्यापासून पोटापर्यंत निळं पेटलेलं, चोचीच्या टोकाला थेंब. तिसऱ्यात पंख अर्धे उघडे आहेत आणि खांद्याजवळचा पिवळा-केशरी झुबकाही दिसतो.

१३ ऑक्टोबरचा टॉवेलवरच्या साळुंकीचा फोटो मुद्दाम काढून शेजारी ठेवला. आईंना तो जास्त आवडला. त्यांचा टॉवेल आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

दयाळ पहाटे गाऊ लागलाय. आज पाहिलं तर बुलबुलाची जोडी काड्या नेतेय. मधुमालतीत, माझ्या स्टुलापासून तीन मीटरवर, छातीएवढ्या उंचीला. उजेड सुरेख, पार्श्वभूमी सुरेख, अंतर तर हवं तेच.

कॅमेरा उचलला आणि ठेवला. घरट्याशी माणूस घुटमळला की जोडी घरटं सोडते, आणि माणसाच्या येण्याजाण्यानं कावळ्याला आणि बोक्याला जागा कळते. १९७२च्या वन्यजीव कायद्यात तर घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत बसतं.

स्टूल आत घेतलं. पेरूची फांदी काढली, म्हणजे इतर पाखरांची गर्दी त्या बाजूला होणार नाही. परळीचा स्टँड उत्तरेच्या कुंपणाकडे हलवला. आई आता पाट घेऊन पुढच्या दारी बसणार आहेत. काकूंना बोक्याबद्दल पुन्हा सांगून आले. या खेपेला त्या म्हणाल्या की पिल्लं उडेपर्यंत सकाळचा त्याला घरात कोंडते.

परळ रोज घासून भरायची. कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवली. कार्ड आत आहे, दोनदा बघितलं.